वैमानिकाचे माप

लष्करी वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या तरुणाच्या वाटेवर कसोट्या पुष्कळ असतात. लेखी परीक्षा असते, पाच दिवस चालणारी निवडमंडळाची मुलाखत असते, विमानचालनाची उपजत जाण आहे की नाही हे पाहणारी यंत्रावरची चाचणी असते. या सर्वांतून पार पडलेला उमेदवार हवाई दलाच्या दिल्लीतील किंवा बंगळुरूतील वैद्यकीय केंद्रात येतो, आणि तेथे त्याला भिंतीला पाठ टेकवून बसविण्यात येते. पाय समोर सरळ पसरायला सांगतात आणि भिंतीपासून टाचेपर्यंतचे अंतर मोजतात. मग गुडघा काटकोनात वाकवून भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतचे अंतर मोजतात. शेवटी बैठकीपासून माथ्यापर्यंतची उंची. सारे मिळून काही मिनिटांचे काम; परंतु तेवढ्या वेळात, कधी अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने, कित्येकांची वर्षांची उमेद संपते.

असा मुलगा घरी परतला की शेजारीपाजारी विचारतात, ‘डॉक्टरांनी काय दोष काढला?’ ग्वाल्हेरच्या महाराजपुरा तळावरून उडणारी मिराज, गोव्यात दाबोळीवर उतरणारी नौदलाची विमाने, हैदराबादजवळ दुंडिगलच्या आकाशात घिरट्या घालणारी शिकाऊ विमाने पाहत जी मुले वाढतात, त्यांच्या घरी हा प्रश्न ऐकू येणे साहजिक आहे. त्याचे खरे उत्तर मात्र मुलालाही सहसा ठाऊक नसते. दोष काही निघालेला नसतो. डोळे चांगले, हृदय चांगले, हाडे मजबूत. मोजले गेले ते वस्तुतः त्याच्या शरीराचे आरोग्य नव्हे. एका विशिष्ट आसनात ते शरीर बसते की नाही, एवढेच पाहिले गेले.

भारतीय हवाई दलाच्या भरतीसूचनांत वैमानिकासाठी दिलेली मापे अशी आहेत: उभी उंची किमान 162.5 सेंटिमीटर, बैठी उंची 81.5 पेक्षा कमी नको आणि 96 पेक्षा अधिक नको. पायाची लांबी किमान 99 आणि कमाल 120. मांडीची लांबी 64 सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. यांत शेवटच्या मापाला खालची मर्यादाच नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मांडी आखूड असली तर चालते, लांब असली तर चालत नाही. सैन्यात उंचापुरा, धिप्पाड गडी हवा असा आपल्याकडचा जुना समज आहे. येथे उंचापुराही परत पाठविला जातो.

शिंपी गिऱ्हाइकाचे माप घेतो ते कपडा बेतण्यासाठी. येथे कपडा आधीच शिवून तयार आहे. तो कोट्यवधी रुपयांचा आहे, पोलादाचा आणि काचेचा आहे, आणि त्याला उसवून सैल करता येत नाही. तेव्हा गिऱ्हाईकच निवडून घ्यावे लागते. हा सारा उलटा व्यवहार नीट समजण्यासाठी कॉकपिटमध्ये, म्हणजे वैमानिकाच्या बैठकीच्या त्या अरुंद खोबणीत, काय काय असते ते पाहिले पाहिजे.

वैमानिकाच्या पायांपुढे दोन पेडल असतात. त्यांनी विमानाचे मागचे सुकाणू डावीउजवीकडे वळते, आणि धावपट्टीवर उतरल्यावर बोटांनी त्यांचाच वरचा भाग दाबला की ब्रेक लागतात. सरळ उड्डाणात या पेडलांवर फारसे काम नसते. पण विमान गिरकी घेत खाली कोसळू लागले, तर विरुद्ध बाजूचे पेडल अगदी शेवटपर्यंत दाबून धरावे लागते. दोन एंजिनांपैकी एक बंद पडले तरी तेच. त्या क्षणी पाऊल पेडलावर टेकते आहे एवढ्याने भागत नाही, पेडल पूर्ण आत गेल्यावरही गुडघ्यात जोर शिल्लक राहिला पाहिजे. पायाच्या लांबीची खालची मर्यादा यासाठी आहे. पेडल पुढेमागे सरकविता येतात हे खरे, पण ठराविक अंतरापर्यंतच.

आता बैठ्या उंचीचा विचार. आसनात बसलेल्या वैमानिकाचे डोळे कोठे असावेत याचा एक बिंदू विमानाचा आराखडा करणारा आधीच ठरवून ठेवतो. समोरचे नाक, त्यापलीकडची धावपट्टी, पुढच्या काचेवर उमटणारे आकडे आणि खालचा उपकरणफलक हे सारे त्या एका बिंदूवरून नीट दिसेल अशी सगळी मांडणी असते. ज्याची बैठी उंची कमी, त्याचे डोळे त्या बिंदूच्या खाली राहतात. उतरताना विमानाचे नाक वर उचललेले असते तेव्हा त्याला धावपट्टी दिसेनाशी होते. उपाय सोपा वाटतो: आसन वर घ्यावे. आसन वर घेतलेही जाते, त्यासाठी यंत्रणा असते. पण आसन वर गेले की पाय पेडलांपासून दूर जातात. म्हणजे डोळ्यांची सोय केली तर पायांची गैरसोय, आणि पायांची केली तर डोळ्यांची. नुसती उभी उंची पाहून भागत नाही, बैठी उंची आणि पाय वेगवेगळे मोजावे लागतात, याचे कारण हे होय. समजा, दोन तरुण अगदी सारख्याच, 170 सेंटिमीटर उंचीचे आहेत. एकाचे धड लांब आणि पाय आखूड, दुसऱ्याचे पाय लांब आणि धड आखूड. रस्त्यावरून चालताना दोघे जोडीने शोभतील. कॉकपिटमध्ये मात्र ते दोन निराळ्या जातीचे प्राणी ठरतात.

वरच्या मर्यादांचे कारण याहून गंभीर आहे. ते वैमानिकाच्या उडण्याशी निगडित नाही, विमान सोडून देण्याशी निगडित आहे.

जुन्या काळी विमान पेटले किंवा मोडले तर वैमानिक उघड्या बैठकीतून उठून हवाई छत्रीसह उडी मारीत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विमानांचा वेग इतका वाढला की अंगावर आदळणाऱ्या वाऱ्यातून उठून उभे राहणेच अशक्य झाले. जो उठला तो विमानाच्या शेपटीवर आदळण्याचे भय. तेव्हा माणसाला आसनासकट बाहेर फेकण्याची युक्ती निघाली. जर्मन आणि स्वीडिश तंत्रज्ञांनी अशी आसने युद्धकाळातच वापरली होती. ब्रिटनमध्ये जेम्स मार्टिन यांनी या कामाला वाहून घेतले; त्यांचे भागीदार कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर 1942 साली चाचणी उड्डाणात मृत्यू पावले होते, आणि त्या आघातानंतर वैमानिकाचा जीव वाचविणे हाच मार्टिन यांचा ध्यास झाला. 24 जुलै 1946 रोजी बर्नार्ड लिंच या त्यांच्या कारखान्यातील कामगाराने मीटिऑर विमानातून स्वतःला अशा आसनासह फेकून घेतले आणि तो सुखरूप जमिनीवर उतरला. मार्टिन-बेकर कंपनीच्या आसनांनी आजवर सात हजारांहून अधिक वैमानिकांचे प्राण वाचविले आहेत.

हे आसन, ज्याला सर्वत्र इजेक्शन सीट म्हणतात, रुळांवरून वर सरकते. खालून स्फोटक दारू आणि नंतर अग्निबाण त्याला ढकलतात. वैमानिकाच्या अंगावर त्या वेळी त्याच्या स्वतःच्या वजनाच्या बारा ते वीस पट भार येतो, आणि तो अर्ध्या सेकंदाच्या आत विमानाबाहेर पडलेला असतो. या प्रवासात त्याचे दोन्ही गुडघे आसनाच्या पुढे आलेले असतात. ते वर जाताना समोरच्या उपकरणफलकाच्या कडेजवळून आणि पुढच्या काचेच्या कमानीजवळून जातात. मधली जागा मुळातच थोडी असते. मांडी लांब असेल तर गुडघा त्या कडेवर आपटणार, आणि तो वेग असा की तेथे गुडघ्याचा निकालच लागायचा. पोटऱ्यांना आसनाकडे मागे ओढून धरणारे पट्टे असतात, पण मांडीचे हाड काही आखूड करता येत नाही. 64 सेंटिमीटरची ती एकच मर्यादा अशी एका धातूच्या कडेने आखून दिलेली आहे. पुढे मुलाला ‘मांडी लांब’ म्हणून नाकारणारे मंडळ एका परीने त्याचे पाय वाचवीत असते; मात्र नकारपत्रात हे सांगण्याची पद्धत नाही.

बैठ्या उंचीच्या वरच्या टोकालाही हीच गोष्ट. कित्येक विमानांत वेळ पडल्यास आसन डोक्यावरची काच फोडूनच बाहेर जाते. त्यासाठी आसनाच्या माथ्यावर टोकदार लोखंडी शिंगे बसविलेली असतात. शिंगांनी काच आधी फुटावी आणि माणसाचे डोके मागून जावे, असा क्रम आहे. बसलेल्या माणसाचे शिरस्त्राण त्या शिंगांच्या वर आले तर क्रम उलटतो.

उंचीच्या बाबतीत निसर्गाचाही एक पक्ष आहे, आणि तो बुटक्यांच्या बाजूचा आहे. लढाऊ विमान वेगाने वळते तेव्हा वैमानिकाचे वजन पाचपट, सातपट, क्वचित नऊपट होते, आणि त्याच्या रक्ताचेही. हृदयापासून डोळ्यांपर्यंत साधारण तीस सेंटिमीटरची चढण आहे. एरवी तेवढी चढण चढताना रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे 22 मिलिमीटरने उतरतो. पाचपट वजनाच्या अवस्थेत तो 110 मिलिमीटरने उतरू पाहतो. हृदय 120 चा दाब देत असेल तर वर पोहोचतात ते फक्त दहा. डोळ्याच्या आतला दाब याहून अधिक असल्यामुळे त्यात रक्त शिरेनासे होते. प्रथम रंग जातात, मग कडेचे दिसणे जाते, मग अंधार, आणि त्यानंतर शुद्ध हरपते. पोटऱ्यांवर आणि पोटावर फुगणारा पोशाख व श्वास रोखून स्नायू आवळण्याची कला यांनी वैमानिक हे पुढे ढकलतो. परंतु ज्याच्या हृदयापासून डोळ्यांपर्यंतचे अंतरच कमी, त्याला मुळातच थोडी सूट मिळालेली असते. अमेरिकेच्या एफ-16 विमानाचे आसन तीस अंशांनी मागे कललेले ठेवण्यात आले, त्यामागे ही चढण कमी करण्याचाही विचार होता.

मापे घेण्याची रीत सांगायला सोपी, पण करायला चिकट आहे. डोके किंचित वर केले तरी बैठी उंची बदलते. म्हणून डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत आणून मगच मोजतात. मानवशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात फ्रँकफर्ट येथे ठरविलेली ही रेषा कवट्या मोजण्यासाठी होती. आज ती जिवंत वैमानिकांच्या कामी येते. दुसरी गोष्ट वेळेची. पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दिवसभराच्या उठबशीने दबतात आणि रात्रीच्या झोपेत पुन्हा फुगतात. त्यामुळे सकाळी उठल्यावरची उंची सायंकाळपेक्षा एक ते दीड सेंटिमीटरने अधिक भरते. काठावरच्या उमेदवाराच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. या एका सत्यावर मात्र बाजारात असत्याच्या राशी उभ्या राहिल्या आहेत. आडव्या बारला लोंबकळून पाय लांब होतात, अमुक चूर्णाने हाडे वाढतात, असे सांगून पैसे काढणारे गावोगाव आहेत. हाडांच्या टोकांजवळची वाढीची कूर्चा एकदा हाडात बदलली की मांडी आणि पोटरी वाढत नाहीत. लोंबकळून मिळते ते पाठीच्या गाद्यांचे तासाभराचे फुगणे. पायाच्या लांबीत त्याने केसभरही भर पडत नाही.

हे सर्व कपड्याचे झाले. पण तो कपडा कोणाच्या अंगावरून बेतला होता? या प्रश्नात सर्वांत मनोरंजक इतिहास दडला आहे.

1950 साली अमेरिकेच्या हवाई दलाने ओहायो राज्यातील राइट तळावरून आपल्या वैमानिकांच्या शरीरांची मोठी पाहणी हाती घेतली. चार हजारांहून अधिक माणसे, आणि प्रत्येकाची सुमारे 140 मापे: अंगठ्याची लांबी, डोळ्यापासून कानापर्यंतचे अंतर, काहीही सोडले नाही. सरासरी काढावी आणि त्या सरासरी माणसासाठी कॉकपिट व पोशाख बेतावा, म्हणजे बहुतेकांना तो बसेल, अशी धारणा होती. त्या कामावर गिल्बर्ट डॅनियल्स नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. हार्वर्डमध्ये त्याने मानवशास्त्र शिकले होते आणि सरासरी या कल्पनेविषयी त्याला आधीपासूनच शंका होती. त्याने 4063 माणसांच्या नोंदी घेतल्या, पोशाखाच्या दृष्टीने महत्त्वाची दहा मापे निवडली आणि एक साधा प्रश्न विचारला: या दहाही मापांत सरासरीच्या जवळपास असलेले किती जण आहेत? ‘जवळपास’ म्हणजे काटेकोर मध्य नव्हे, त्याने मधला चांगला ऐसपैस पट्टा धरला होता.

उंचीने सरासरी निघाले 1055. त्यांपैकी छातीच्या घेरानेही सरासरी असलेले 302. त्यांतून बाहीची लांबी जमणारे 143. पायाची आतली उंची पाहिल्यावर उरले 73, धडाच्या घेरानंतर 28, नितंबाच्या घेरानंतर 12, मानेच्या घेरानंतर सहा, कमरेनंतर तीन, मांडीनंतर दोन. दहावे माप लावले, आणि एकही उरला नाही. चार हजार त्रेसष्ट माणसांत सरासरी माणूस एकही नव्हता. 1952 च्या अहवालात डॅनियल्सने हे मांडले. सरासरीसाठी बेतलेला कॉकपिट म्हणजे कोणासाठीच न बेतलेला कॉकपिट, एवढाच त्याचा अर्थ होता.

लष्करी यंत्रणा एका लेफ्टनंटचे ऐकते असे रोज घडत नाही, पण या बाबतीत मुद्दा निकालात काढण्यासारखा नव्हता. एका माणसाऐवजी माणसांच्या पट्ट्यासाठी आराखडा करावा, साधारणतः सर्वांत लहान पाच टक्के आणि सर्वांत मोठे पाच टक्के सोडून मधल्या नव्वद टक्क्यांसाठी, हा नियम रूढ झाला. वरखाली होणारी आसने, सरकणारे पेडल, सैल-घट्ट होणारे शिरस्त्राणाचे पट्टे यांवर भर आला. डॅनियल्सचा धडा येथेही पुरता गिरविला गेला नाही, हे सांगितले पाहिजे. प्रत्येक मापात नव्वद टक्के घेतले म्हणजे नव्वद टक्के माणसे बसतात असे नाही. एक उंचीत बाद होतो, दुसरा मांडीत, तिसरा हातात. बाद होणारे निरनिराळे असतात आणि त्यांची बेरीज दहा टक्क्यांच्या पुष्कळ पुढे जाते.

शिवाय तो पट्टा पुरुषांचा होता. त्या काळी अमेरिकी लष्करी वैमानिक पुरुषच होते, तेव्हा मोजली गेली ती त्यांचीच शरीरे. पुढे स्त्रिया आल्या तेव्हा त्यांच्यापुढे कपडा तयारच होता. अमेरिकी हवाई दलाची मर्यादा उभ्या उंचीला 64 ते 77 इंच आणि बैठ्या उंचीला 34 ते 40 इंच अशी होती. 1993 साली संरक्षणमंत्री लेस ॲस्पिन यांनी लढाऊ विमाने स्त्रियांना खुली केली. त्याच सुमारास हवाई दल व नौदल यांच्यासाठी नवे शिकाऊ विमान घेण्याचे घाटत होते. शिकाऊ विमानात जी बसत नाही ती पुढच्या कोणत्याच विमानापर्यंत पोहोचत नाही, हे उघड होते. म्हणून मागणीपत्रच बदलण्यात आले: पात्र स्त्रियांपैकी निदान 80 टक्के ज्यात बसतील असे विमान हवे. बैठ्या उंचीची 34 इंचांची अट खाली आली. जे शरीर इतकी वर्षे ‘अयोग्य’ ठरत होते ते एका कागदाने योग्य ठरले. शरीर तेच होते. 1995 साली निवडलेले ते विमान टी-6 म्हणून ओळखले जाते. ते स्वित्झर्लंडच्या पिलाटस पीसी-9 वरून घडविलेले आहे.

उभ्या उंचीची अट तरीही 2020 च्या मे महिन्यापर्यंत कागदावर टिकली. ती काढून टाकताना अमेरिकी हवाई दलानेच सांगितले की, वीस ते एकोणतीस वयाच्या अमेरिकी स्त्रियांपैकी सुमारे 44 टक्के त्या एका अटीने बाहेर पडत होत्या. सवलतीचा अर्ज करता येत असे, आणि आलेल्या अर्जांपैकी बहुतेक मंजूरही होत असत. पण अट वाचूनच जिने अर्ज केला नाही, तिची गणती कोठे होणार? आता तेथे प्रत्येक उमेदवाराची मापे निरनिराळ्या विमानांच्या मापांशी ताडून कोणते विमान त्याला सुरक्षितपणे चालविता येईल ते ठरवितात.

अर्थात मर्यादा म्हणजे नुसता जुनाट हट्ट, असेही कोणी समजू नये. अमेरिकेच्याच अत्याधुनिक एफ-35 विमानाबाबत 2015 च्या ऑगस्टमध्ये असे आढळले की, हलक्या वजनाच्या वैमानिकाने संथ वेगात आसन सोडले तर त्याच्या मानेला जीवघेणी इजा होऊ शकते. आसनाचा धक्का ठरलेला असतो. माणूस जितका हलका तितका तो अधिक झटक्याने फेकला जातो. त्यात त्या विमानाचे शिरस्त्राण जड. तेव्हा 136 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 62 किलोंपेक्षा, कमी वजनाच्या वैमानिकांना ते विमान चालविण्यास बंदी झाली. शिरस्त्राण हलके करण्यात आले, मानेमागे आधार देणारा पट्टा बसविला, आणि हलक्या वैमानिकासाठी हवाई छत्री किंचित उशिरा उघडण्याची कळ आसनावर आली. 2017 च्या मे महिन्यात बंदी उठली. दोन वर्षे लागली, पण बदलले ते यंत्र.

भारताची अडचण आणखी निराळी आहे. येथे कपडा दुसऱ्याच्याच अंगावरचा. हवाई दलाची सुखोई आणि मिग रशियाची, मिराज आणि राफेल फ्रान्सची, जॅग्वार ब्रिटन आणि फ्रान्स या दोघांची मिळून, हॉक ब्रिटनची. प्रत्येक देशाने आपापल्या माणसांकडे पाहून कॉकपिट घडविलेला. भारतीय वैमानिकाला मात्र कारकिर्दीत यांपैकी कोठेही जावे लागेल, म्हणून प्रवेशाच्या वेळी सर्वांत जमणारी मापे मागावी लागतात. मालवाहू विमान किंवा हेलिकॉप्टर चालवू इच्छिणाऱ्यालाही सूट नाही. कारण सारे जण आरंभी दुंडिगलच्या अकादमीत एकाच शिकाऊ विमानावर शिकतात. 2013 पासून तेथे असलेले पिलाटस पीसी-7 मार्क दोन हे उपरोक्त पीसी-9 च्याच कुळातले आहे, आणि त्यातही इजेक्शन सीट आहे.

किमान उंचीच्या आकड्याकडे जरा बारकाईने पाहिले तर एक गंमत दिसते. 162.5 सेंटिमीटर हा आकडा मुद्दाम इतका काटेकोर का? कारण तो 64 इंच, म्हणजे पाच फूट चार इंच आहे. अमेरिकेने 2020 साली सोडून दिलेला आकडाही हाच. पायाचे 99 सेंटिमीटर म्हणजे बरोबर 39 इंच. दशमान पद्धतीचा अंगरखा घातला असला तरी आत फूटपट्टी जुनीच असावी असे वाटते.

हा आकडा भारतीयांच्या बाबतीत अधिक कडक ठरतो. येथील प्रौढ पुरुषाची सरासरी उंची 165 सेंटिमीटरच्या आसपास आहे, आणि स्त्रीची सुमारे 152. म्हणजे पुरुषांत ही रेषा सरासरीच्या थोडीच खाली पडते; स्त्रियांत ती सरासरीच्या दहा सेंटिमीटर वर आहे. भारतीय हवाई दलात 1994 साली पहिल्या स्त्रिया वैमानिक म्हणून दाखल झाल्या, त्या मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टर यांसाठी. 18 जून 2016 रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी लढाऊ शाखेत आल्या. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीने 2022 साली मुलींना प्रवेश दिला आणि त्यांची पहिली तुकडी 2025 च्या मे महिन्यात बाहेर पडली. दारे एकामागून एक उघडली आहेत. चौकटीची उंची मात्र अजून तीच आहे. परदेशी विमान विकत घेताना चौकट बदलून मागणे सोपे नसते. देशातच विमान घडत असेल, तर ते आराखड्याच्या पहिल्या कागदावर मागता येते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे तेजस आणि एचटीटी-40 ही विमाने येथे घडत असताना हा प्रश्न विचारण्याचे स्थळही आता येथेच आहे.

वैमानिक म्हणून नाकारलेल्या उमेदवारापुढे हवाई दलाच्या इतर शाखांचा मार्ग राहतो. अभियांत्रिकी, हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान, प्रशासन या भूशाखांत पाय आणि मांडी यांची ही बंधने लागू नसतात, आणि तेथील किमान उंचीही कमी आहे. पण अशी निराशा पुष्कळदा टाळताही येते, कारण ही मापे घरच्या घरी घेता येतात. वर्षभर अभ्यास करून शेवटच्या दिवशी पायाची लांबी कळण्यापेक्षा ती अर्ज भरण्यापूर्वी कळलेली बरी. चालू वर्षाची भरतीसूचना आणावी, कारण आकडे वेळोवेळी बदलू शकतात. बसण्यासाठी कडक लाकडी स्टूल घ्यावे, गादीवरचे माप फसविते. पाठ आणि नितंब दोन्ही भिंतीला टेकलेले असावेत, आणि कोणी दुसऱ्याने मोजावे. किमान मर्यादेच्या काठावर असणाऱ्याने बैठी उंची सायंकाळी मोजावी. सायंकाळी भरली तर सकाळी नक्कीच भरेल. कमाल मर्यादेच्या काठावर असणाऱ्याने मात्र सकाळचेच माप खरे धरावे.